कुत्र्याला आजाराचा वास येतो हो, पण आपण त्याला नेमकं काय शिकवून बसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातला अडीच वर्षांचा लॅब्रॅडॉर गेला महिनाभर वडिलांच्या पोटरीवरचा एक तीळ सारखा हुंगतोय, चाटतोय, हाकललं तरी परत तिथेच येतोय. कुत्र्यांना कॅन्सरचा वास येतो म्हणतात ते खरं का, आणि खरं असेल तर त्याला घरीच ट्रेनिंग देऊन घरातल्या सगळ्यांची अशी तपासणी करता येईल का?

आधी तिळाचं बोलू. वडिलांना याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. कडा वेड्यावाकड्या आहेत का, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसतात का, गेल्या काही महिन्यांत वाढलाय का, खाज किंवा रक्त येतं का, एवढं आठवून ठेवा म्हणजे डॉक्टरांना सांगता येईल. लॅब्रॅडॉर हा प्राणी घाम, मलम, खरवडलेली खपली, काहीही चाटतो, त्यामुळे घाबरू नका, पण महिनाभर एकाच जागी नाक लावतोय तर दाखवायला काय जातंय. आणि डॉक्टर म्हणाले काही नाही, तर मग काही नाही, तिथे कुत्र्याचं ऐकायचं नाही.

गंमत म्हणजे हा सगळा विषय सुरूच अशा एका तिळावरून झाला. 1989 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात विल्यम्स आणि पेंब्रोक या दोन डॉक्टरांचं एक छोटं पत्र आलं होतं. त्यांच्याकडे आलेल्या एका बाईंचा कुत्रा, बॉर्डर कॉली आणि डॉबरमनची मिसळ, त्यांच्या पायावरच्या एकाच तिळाच्या मागे लागला होता, बाकीच्या तिळांकडे ढुंकून बघायचा नाही, पँटवरूनही हुंगायचा आणि एकदा तर त्यांनी शॉर्ट्स घातली असताना तो तीळ चावून काढायला गेला. तपासलं तर मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर निघाला. पण हे एका कुत्र्याचं एक उदाहरण झालं. ज्या हजारो कुत्र्यांनी साधे तीळ चाटले त्यांच्यावर कुणी पत्र लिहीत नाही, हे ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं यावरच येणार आहे.

मी गेली सतरा वर्षं वास ओळखणाऱ्या कुत्र्यांचं ट्रेनिंग करतेय, आधी इतर वासांवर केलं आणि नंतर आजारांवर. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, की कुत्र्याच्या नाकाबद्दल शंका घ्यायची गरज फारच कमी वेळा पडते, शंका घ्यायची ती आपण त्याला काय शिकवलं यावर. आपल्याला वाटत असतं आपण कॅन्सर शिकवतोय आणि कुत्रं भलतंच काहीतरी शिकून बसलेलं असतं, आणि तेही शंभर टक्के बरोबर शिकलेलं असतं!

नाकाचं पटकन सांगते. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे 20 ते 30 कोटींच्या घरात. हुंगताना ते सेकंदाला पाचेक वेळा श्वास आत-बाहेर करतं आणि सोडलेली हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून बाहेर जाते, म्हणजे समोरचा वास स्वतःच्याच उच्छ्वासाने उडून जात नाही. आणि आजाराला वास का असतो? पेशींचं काम बिघडलं की त्यातून बाहेर पडणाऱ्या, हवेत सहज उडणाऱ्या रसायनांचं मिश्रण बदलतं, ते लघवीत, घामात, श्वासात उतरतं. एकच एक कॅन्सरचं रसायन असं काही सापडलेलं नाही, बहुधा अनेक रसायनांच्या प्रमाणाचा मेळ असतो, म्हणूनच स्फोटकांसारखा शुद्ध वास बाटलीत भरून शिकवता येत नाही. आमची सगळी डोकेदुखी इथून सुरू होते.

आता ट्रेनिंग कसं चालतं. आधी कुत्रं निवडायचं. लॅब्रॅडॉर, स्पॅनियल, जर्मन शेफर्ड, मॅलिनॉ ही नेहमीची नावं, पण मी जातीपेक्षा स्वभाव बघते. बॉल कपाटाखाली गेला की दोन मिनिटांत नाद सोडणारं कुत्रं मला नको, आणि बॉलसाठी कपाट पाडणारंही नको, कारण ते उत्तर यायच्या आधीच ओरडून मोकळं होतं. मधलं लागतं, चिकाटीचं पण थंड डोक्याचं.

मग क्लिकर, म्हणजे दाबलं की टिक वाजणारी छोटी डबी. टिक आवाज झाला की खाऊ मिळतो हे एक-दोन दिवसांत कळतं. त्यानंतर एका डबीत शिकवायचा वास, कुत्र्याने नाक घातलं की टिक, खाऊ. मग दोन डब्या, चार डब्या, आठ डब्या, वास एकाच डबीत. आठ हात असलेलं एक गोल स्टँड असतं, प्रत्येक हाताच्या टोकाला जाळीमागे नमुना, कुत्रं एकेका टोकाशी थांबत गोल फिरतं. बरोबर जागी बसायचं किंवा नाक लावून पुतळ्यासारखं थांबायचं, हा त्याचा अलर्ट. माझी टिकली म्हणून एक स्पॅनियल होती, तिचं काम बघण्यासारखं असायचं. ती नमुन्यावरून पुढे निघून गेलेली असायची, अर्धं पाऊल, आणि मग मान अशी झटक्यात मागे यायची, जणू कुणी हाक मारली. शेपटी हलायची थांबायची, तोंड मिटायचं, श्वास बारीक आणि भराभर. मग बसायची. बसण्याच्या आधीचा तो सेकंद ज्याला वाचता येतो तो खरा हँडलर, म्हणजे कुत्र्याला घेऊन काम करणारा, नुसतं बसणं तर काय कुणालाही दिसतं.

सोपं वाटतं ना? खरं काम इथून पुढे. रुग्णाचा एक नमुना वारंवार वापरला तर कुत्रं त्या माणसाचाच वास पाठ करतं. शंभर माणसांचे नमुने आलटून पालटून वापरले तर शंभर माणसं पाठ करायचीही त्याची तयारी असते, स्मरणशक्ती आपल्या कल्पनेपलीकडची. 2014 मध्ये इंग्लंडमधल्या एका गटाने प्रोस्टेट कॅन्सरवरचा आपला अयशस्वी प्रयोग छापला, मला तो कुठल्याही यशस्वी प्रयोगापेक्षा जास्त कामाचा वाटतो. ट्रेनिंगमध्ये कुत्री चांगली चालत होती आणि अनोळखी माणसांचे नमुने समोर आल्यावर सगळं कोसळलं. म्हणजे कुत्र्यांनी आजार शिकलाच नव्हता, नमुने पाठ केले होते, परीक्षेला गाईड पाठ करून गेल्यासारखं. म्हणून नियम असा की रोज नवीन माणसांचे नमुने आणा, एकदा वापरलेला परीक्षेत नको, आणि शेकडो रुग्णांचे आणि तेवढ्याच निरोगी लोकांचे नमुने गोळा करायला वर्ष-वर्ष जातं. खर्च आणि वेळ कुत्र्यावर कमी आणि यावरच जास्त जातो.

आणि निरोगी म्हणजे कोण, हा तर वेगळाच घोळ. माझ्याच हातून झालेली चूक सांगते. टिकली आठवडे न् आठवडे वीसपैकी एकोणीस बरोबर देत होती, आम्ही सगळे हवेत. रुग्णांचे नमुने एका रुग्णालयातून यायचे आणि निरोगी लोकांचे मी आपले ओळखीपाळखीतून घरोघरी जमवलेले. मग एका सहकाऱ्याच्या डोक्यात आलं की त्याच रुग्णालयातल्या ठणठणीत कर्मचाऱ्यांचे नमुने लावून बघू. टिकली एकामागून एक सगळ्यांवर बसली आणि प्रत्येक वेळी मान वर करून माझ्याकडे बघायची, खाऊ कुठाय म्हणून. ती हात धुवायच्या साबणावर, जंतुनाशकावर, कशावर बसत होती देव जाणे, पण आजारावर नाही. पाच महिने गेले. तिची काहीच चूक नव्हती, मी जे शिकवलं तेच ती करत होती. तेव्हापासून दोन्ही प्रकारचे नमुने एकाच ठिकाणचे, एकाच बॅचच्या बाटल्या, एकाच फ्रीझरच्या एकाच कप्प्यात, सारखेच दिवस गोठलेले, सारख्याच वेळा वितळलेले, हातमोजे तेच, लेबलचं पेनसुद्धा तेच. वय, सिगारेट, औषधं हेही दोन्हीकडे सारखं लागतं, नाहीतर कुत्रं म्हातारपण ओळखायला शिकतं आणि आपण म्हणतो प्रोस्टेट ओळखला.

दुसरा घोळ म्हणजे आपण स्वतः. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता, खूर आपटून उत्तर द्यायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की घोडा विचारणाऱ्याचा चेहरा आणि मान वाचतोय, विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडाही नापास. कुत्री यात घोड्याच्या दहा पावलं पुढे. 2011 मध्ये कॅलिफोर्नियात 18 हँडलर-कुत्र्यांच्या जोड्यांना एका चर्चमध्ये शोध घ्यायला लावलं आणि सांगितलं की वास लपवलाय, काही ठिकाणी लाल कागद लावलाय तिथे तो आहे. प्रत्यक्षात कुठेच काही नव्हतं. 144 फेऱ्यांपैकी फक्त 21 फेऱ्या स्वच्छ गेल्या, बाकीच्यांत मिळून 225 चुकीचे अलर्ट, आणि ज्या जागेबद्दल हँडलरला सांगितलं होतं तिथे जास्त. ही पोलिसांची, अनुभवी कुत्री होती हां.

माझं म्हणाल तर मी बरोबर नमुन्याजवळ कुत्रं आलं की श्वास रोखायचे. मला स्वतःला पत्ता नव्हता, व्हिडिओ हळू करून बघितला तेव्हा खांदे थांबलेले दिसले. म्हणून नमुने तिसऱ्या माणसाने लावायचे, लावून खोलीबाहेर जायचं, कुत्र्यासोबत असणाऱ्या कुणालाही उत्तर माहीत नको. शिवाय अधूनमधून आठही जागी निरोगी नमुने लावायचे. ही कोरी फेरी कुत्र्याला सगळ्यात अवघड जाते, कारण आजवर प्रत्येक फेरीत कुठेतरी खाऊ होताच, मग ते शेवटच्या टोकाला आलं की जरा बरा वाटेल त्यावर बसून टाकतं. "काही नाही" हे उत्तर द्यायलाही बक्षीस आहे हे शिकवावं लागतं. तुम्ही कुठलीही बातमी वाचाल की कुत्र्याने अमुक टक्के ओळखले, तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा की कोऱ्या फेऱ्या होत्या का, आठपैकी एक नक्की आहे हे माहीत असताना निवडणं आणि समोरच्या एका माणसाबद्दल हो किंवा नाही सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग आकडे काय सांगतात? 2004 मध्ये कॅरोलिन विलिस यांच्या गटाने मूत्राशयाच्या कॅन्सरवर सहा कुत्र्यांना सात महिने शिकवलं. सातपैकी एक नमुना रुग्णाचा, नुसत्या नशिबाने 14 टक्के यायला हवे होते, कुत्र्यांनी 54 पैकी 22 वेळा बरोबर दिले, म्हणजे 41 टक्के. हे ऐकून लोक नाक मुरडतात, पण मला हा आकडा प्रामाणिक वाटतो. याच प्रयोगातली गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे: निरोगी म्हणून आलेल्या एका नमुन्यावर सगळी कुत्री हट्टाने बसत राहिली, शेवटी त्या माणसाची पुन्हा तपासणी झाली आणि मूत्रपिंडात कॅन्सर सापडला. दुसऱ्या टोकाला इटलीत दोन जर्मन शेफर्डनी सुमारे 900 लोकांच्या लघवीवर प्रोस्टेट कॅन्सर 97 टक्क्यांच्या वर अचूकतेने ओळखला. आणि मग 2016 चा ऑस्ट्रियातला फुप्फुसाच्या कॅन्सरचा प्रयोग, जिथे खऱ्या तपासणीसारखी परिस्थिती ठेवली, कुणालाच उत्तर माहीत नाही, तर कुत्र्यांनी रुग्ण बरेचसे पकडले पण निरोगी लोकांपैकी जेमतेम एक तृतीयांश बरोबर सोडले. 41 पासून 97 पर्यंतच्या या ताणाताणीत कुत्र्यांच्या नाकातला फरक थोडा, प्रयोग कसा रचला याचा फरक फार.

आणि समजा, कुत्रं खरंच 90 टक्के अचूक आहे. आजारी माणसांतले 90 टक्के पकडतं आणि निरोगी लोकांतले 90 टक्के बरोबर सोडतं. हजार माणसं रांगेत उभी करा, त्यात दहा खरे आजारी. कुत्रं नऊ पकडेल, छान. उरलेल्या 990 निरोगींपैकी 99 जणांवरही बसेल. म्हणजे 108 वेळा बसलं आणि त्यात खरे नऊ. घरातल्या सहा-सात लोकांवर दर रविवारी कुत्रं फिरवलं तर काय होईल याचा हिशोब तुम्हीच करा, आज ना उद्या कुणावर तरी बसणार आणि त्या माणसाची झोप उडणार.

म्हणून चुकीचा अलर्ट जिथे स्वस्तात पडतो, किंवा अलर्ट बरोबर की चूक हे लगेच कळतं, तिथे ही कुत्री मला खरी उपयोगी वाटतात. अॅमस्टरडॅममध्ये क्लिफ नावाच्या बीगलला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जंतूचा वास शिकवला होता, तो वॉर्डातून नुसता चालत जायचा आणि 30 पैकी 25 बाधित रुग्ण ओळखले, बाधा नसलेल्या 270 रुग्णांपैकी 265 बरोबर सोडले. पुढे कॅनडात व्हँकुव्हरच्या रुग्णालयात अँगस हा स्प्रिंगर स्पॅनियल याच जंतूसाठी खोल्या हुंगायचा, माणसं नव्हे, आणि तो चुकला तर काय, एक खोली जास्त वेळा पुसली जाते. टांझानियात अपोपो संस्थेचे मोठे उंदीर, हो उंदीर, क्षयरोगासाठी थुंकीचे शंभर नमुने वीस मिनिटांत तपासतात आणि त्यांनी दाखवलेल्या नमुन्याची प्रयोगशाळेत खात्री करतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून सुटलेले क्षयरोगी हाती लागतात. गांबियातल्या मुलांनी रात्रभर घातलेले मोजे हुंगून कुत्र्यांनी मलेरियाचे दहापैकी सात बाधित ओळखले, त्यात लक्षणं नसलेलीही मुलं होती.

मधुमेही मालकाची साखर कमी झाली की सांगणाऱ्या कुत्र्यांचं मला विशेष कौतुक आहे, कारण तिथे गोष्ट पूर्ण होते. कुत्र्याने पंजा मारला, मालकाने लगेच बोट टोचून साखर बघितली, कमी आली, खाऊ दिला. कुत्र्याला दर वेळी कळतं आपण बरोबर होतो की नाही. कॅन्सरच्या खऱ्या तपासणीत असं होत नाही, कुत्रं बसलं पण मला उत्तर माहीत नाही, मग खाऊ देऊ की नको? चुकीला दिला तर चूक शिकवली, बरोबरला नाही दिला तर कुत्रं म्हणणार सोडून दे. आम्ही मध्येमध्ये माहीत असलेले नमुने पेरतो आणि फक्त त्यांवर खाऊ देतो, पण कुत्री हुशार असतात, थोड्या दिवसांत तेही ओळखतात. अर्थात मधुमेहातही सगळी कुत्री सारखी नसतात. 2019 मध्ये 27 कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा मध्यावरचं कुत्रं साखर कमी झाल्याच्या शंभरपैकी 83 वेळा सांगत होतं, पण कुत्र्या-कुत्र्यात अंतर बरंच होतं, आणि मालक किती शिस्तीने ट्रेनिंग चालू ठेवतो याचा त्यात मोठा हात.

मग पुढे काय, मशीन येणार का, हे लोक हमखास विचारतात. येतंय. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या नर्सना नवऱ्याच्या अंगाला येणारा वास त्याचं पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, कळायच्या कित्येक वर्षं आधी बदललेला जाणवला होता. त्यांना बारा जणांचे टी-शर्ट दिले, सहा रुग्णांचे, सहा निरोगींचे. त्यांनी एक निरोगी माणूस रुग्ण म्हणून सांगितला आणि आठ महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सन्सच निघाला. त्यावरून मँचेस्टरमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्वचेच्या तेलातली रसायनं शोधायला घेतली. माझ्या मते नाकाची खरी जागा ही आहे, कुत्र्याने किंवा माणसाने सांगायचं की इथे काहीतरी आहे, आणि मग मशीनने ते काय आहे ते शोधायचं. कुत्रं अर्धा तास काम करून दमतं, एखाद्या दिवशी त्याचं मन नसतं, आठ-दहा वर्षांचं झालं की रिटायर होतं, त्याच्यावर रुग्णालयाची रोजची तपासणी कशी चालवणार.

तर तुमच्या लॅब्रॅडॉरसाठी. आजाराचे नमुने घरात आणू नका, ते जंतुसंसर्गाच्या दृष्टीनेही बरं नाही आणि एका माणसाच्या नमुन्यावर कुत्रं फक्त तो माणूस शिकेल हे वर आलंच आहे. पण अडीच वर्षांचं, नाकाचं चिवट कुत्रं वाया घालवू नका, वासाचा खेळ सुरू करा. लवंगेच्या तेलाचा एक थेंब कापसावर, झाकणाला भोकं पाडलेल्या चार सारख्या डब्या, तीन डब्यांत कोरा कापूस. सगळ्या डब्यांना हात लावा नाहीतर तो तुमच्या हाताचा वास शोधेल. दिवसाला पाच मिनिटं, त्याचा उत्साह आहे तोवर थांबायचं. आठवड्याभरात तो लवंगेवर बसायला लागला की डब्या घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा, लावून झालं की त्या माणसाला खोलीबाहेर पाठवा, आणि मोबाइल एका कोपऱ्यात व्हिडिओवर ठेवा. मग रात्री तो व्हिडिओ बघताना कुत्र्याकडे नको, स्वतःच्या खांद्यांकडे बघा.